बाहेर बघून सांगतो

निपाणीत चिक्कोडी रोडला माझं दुकान.
गाड्यांच्या समोरच्या काचा बसवतो मी,
ट्रकच्या, टेम्पोच्या, दोन्ही राज्यांच्या एस्ट्यांच्या.
रबराची पट्टी दोन्हींना एकच लागते.

त्या मंगळवारी अंगणात
भीमगोंडाची गाडी उभी होती, काचेला जाळी पडलेली.
संकेश्वरच्या अलीकडं उसाची ट्रॉली अचानक थांबली
आणि मागं लोंबणारी मोळी काचेत घुसली.
एवढंच.
वायपरमध्ये अजून पाचट अडकलं होतं.

दहाला एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर कॅमेरा.
‘काका, जरा फ्रेममधून बाजूला.’
झालो.
‘आणि ते पाचट तेवढं काढता?’
काढलं की.
दारी आलेल्याला पाणी द्यावं, तितक्या सहज
माझ्या हातानं काढलं.
भीमगोंडा पलीकडं डब्यावर बसून चहा पीत होता.

सव्वाअकराला सांगलीहून शालनचा फोन.
‘दादा, बरा हाईस न्हवं? निपाणी पेटलीय म्हणं!’
मी दारात आलो.
तंबाखूचे बोद भरून एक टेम्पो चालला होता,
रस्ताभर तोच खाट.
कल्लाप्पाची शेळी माझ्या कुंपणभिंतीला अंग घासत होती.
‘अगं, हितं काय न्हाई.’
‘असं कसं? मी डोळ्यांनी बघतीय की.’

मग मीही लावला.
लाल पट्टी, आणि माझंच अंगण.
मराठीत लिहिलेलं, सीमाभागात संतापाचा उद्रेक.
कन्नडात, आमच्या बसवर गुंडांचा हल्ला.
माझी निळी बादली दोन्हीकडं दिसत होती.
बादलीबद्दल तेवढं दोघांचं एकमत.

चारला पोरं जमली.
सुरू झालंय म्हणून बघायला आलेली,
आणि सुरू झालेलं कुठंच दिसेना
म्हणून खोळंबलेली.
कोण आधी वाकलं, ते मला दिसलं नाही.
कॅमेऱ्यालाही दिसलं नसावं,
कारण कुणीतरी ओरडलं, ‘परत एकदा, परत एकदा!’
आणि तो परत वाकला.

भीमगोंडा तेव्हा गाडी डेपोत न्यायला बसला होता.
काच नवी. कडेचा लुकण अजून ओला.

उजवा डोळा.
बेळगावला नेईपर्यंत रात्र झाली.
त्या रात्री पडद्यावर सहा चौकोन होते, सहा तोंडं,
सगळी एकदम बोलणारी.
डोळ्याला सातवा चौकोन मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी क्लचखाली दगड सापडला.
एका अंगाला चुना.
बाहेर येऊन बघितलं,
माझ्याच भिंतीत एक भोक,
आणि कल्लाप्पाची शेळी त्यातून ये-जा करत होती,
तिच्यासाठीच ठेवलंय अशा थाटात.

त्या महिन्यात एकोणीस काचा बसवल्या.
खोटं कशाला बोलू,
लेकीची कॉलेजची फी एका दमात भरली.

पावती खिशात असतानाच भीमगोंडाला बघायला गेलो.
त्यानं हात चाचपून ओळखलं मला.
‘होगली बिडरी,’ म्हणाला.
बराच वेळ पंख्याकडं तोंड करून पडला,
मग मराठीत, माझ्या मराठीत,
‘ते पाचट तू काढायचं नव्हतंस.’

शालन अजून फोन करते.
कोगनोळी नाक्यावर काही झालं की, नाही झालं तरी.
‘दादा, तिकडं काय चाललंय रे?’
‘थांब,’ म्हणतो मी, ‘बाहेर बघून सांगतो.’
उठतो.
दार चार पावलांवर आहे.
आणि माझा हात
रिमोट शोधत असतो.